आबांचा हाळ

थंडीताप आला तोही असा शिस्तीत आला की आमच्या सावडीला त्याच्यावरच कामाच्या पाळ्या लावाव्या लागल्या. एक दिवस हुडहुडी भरून दात वाजायचे, दुसऱ्या दिवशी बाई ठणठणीत होऊन चुलीपुढं बसायची, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा घोंगडी मागायची. आळीतल्या निम्म्या बायांचा ताप एका दिवशी, निम्म्यांचा दुसऱ्या. त्यामुळं कांदा लागवडीला निघायच्या आधी धोंडाबाई दारादारात उभी राहून विचारायची, "तुझा आजचा का उद्याचा गं?" ज्या म्हणायच्या "उद्याचा", त्यांना घेऊन ती वावराकडं चालू लागायची.

आता सावडीत मजुरी नसते. आज आम्ही तुमचे कांदे लावणार, उद्या तुम्ही आमचे. धोंडाबाई आमच्या सावडीची पुढारी. तिचा स्वतःचा ताप मंगळवार, गुरुवार असा पडत होता, म्हणून तिनं बाकीच्यांचे वारसुद्धा तोंडपाठ करून ठेवले होते. बायका हसायच्या, मीही हसायचे. पण पाळी आमच्या वावराची आली तेव्हा माझं हसू आटलं.

मी आशा. माहेर अवसरी बुद्रुक, सासर इकडं बेल्ह्याच्या वाटेवरच्या वाडीत. मालक चाकणला कंपनीत, सुट्टीला यायचे ते कपडे धुवायला टाकून निघून जायचे. घरात मी, सासू साळुबाई आणि सासरे सोमाजी. सासूला मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. वावर सगळ्यांचं, कष्ट माझे आणि हुकूम मामांचा, अशी आमच्यात वाटणी. आशा तोंडाची तिखट आहे असं आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. खोटं नाही ते.

दिवाळी उलटून गेली होती. आमचं रोप लावणीला आलं होतं. कांद्याचं रोप वेळेत लावलं नाही तर जून होतं, मान जाड धरतं, आणि मग डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे येतात, कांदा पोसत नाही. सगळं वर्ष त्या रोपावर होतं. आणि त्याच आठवड्यात वाडीत केंगले आला.

केंगले म्हणजे आरोग्य केंद्राचा माणूस. डोंगराकडचा, घोडेगावच्या पलीकडचा. सायकलीला पिशवी अडकवून दारोदार फिरायचा, बोटाला टाचणी टोचून काचेवर रक्त घ्यायचा आणि कडू गोळ्या द्यायचा. बोलायला लई गोड. त्या दिवशी त्यानं सगळ्या आळीची बोटं टोचली आणि मग विचारलं, "पाणी कुठंकुठं साठतंय ते दाखवा बरं." त्याच्याजवळ लांब दांडीला बसवलेलं पांढरं वाडगं होतं. डबक्यात बुडवलं, गटारात बुडवलं, आणि शेवटी रस्त्याकडंच्या आमच्या हाळात, गुरांना पाणी प्यायच्या दगडी कुंडात बुडवलं.

"या, बघा," तो म्हणाला. आळी गोळा झाली. वाडग्यात बारीक काड्यांसारखे किडे वळवळत होते. "ही जी पाण्याच्या वर आडवी पडल्यात ना, ती थंडीतापाच्या डासांची पिल्लं. गटारातली उलटी लोंबकळत व्हती, ती दुसरी. तुमच्या तापाचं घर हितं हाये."

सगळ्यांनी मामांकडं बघितलं. मामा काठी टेकून उभे होते. त्यांचा चेहरा कुणी भर चौकात पटका ओढल्यासारखा झाला.

"हा हाळ आमच्या आबांचा हाये," मामा म्हणाले.

"हाळ चांगलाच हाये बाबा. आठवड्यातनं एकदा पार उपसायचा, घासायचा, एक दिवस वाळू द्यायचा. अंड्याचा डास व्हायला आठवडा तरी लागतो. त्याच्या आत पाणी काढलं की संपलं."

"हाळ कोरडा पडणार न्हाई," मामा म्हणाले आणि घरात निघून गेले.

हाळाचं असं आहे. मामांचे वडील, आबा, मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचे, पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. वाटेवर पाणी न मिळून मेंढरू जीभ काढून पडतं, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. पुढं कळप विकून जमीन घेतली, तेव्हा घर बांधायच्या आधी त्यांनी रस्त्याला लागून हा दगडी हाळ बांधला. दोन माणसं लांबीला झोपतील एवढा. बेल्ह्याच्या बाजाराला चालत जाणारा प्रत्येक बैल, प्रत्येक म्हैस इथं पाणी पिऊन जायची. जाताना आबांनी मामांकडून शब्द घेतला, हाळ कोरडा पडू द्यायचा नाही. तेव्हापासून मामा रोज सकाळी मोटार चालू करून हाळात वरून भर घालायचे. पाणी काठाला लागलं की त्यांच्या तोंडावर समाधान यायचं. खाली हात घालून तळ कुणी बघितला नव्हता. शेवाळ इतकं धरलं होतं की एकदा माझा तांब्या पडला तर सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडाबाई चार बाया घेऊन ओट्यावर येऊन बसली. मी म्हटलं बरं झालं, लागवडीला निघाल्या. च्याचं आधण ठेवलं.

"भाऊ, राग धरू नका," ती मामांना म्हणाली. "पर हाळ उपसल्याबिगर आमी तुमच्या वावरात पाय टाकणार न्हाई. तुमचं पाणी आमाला थंडी भरवतंय आन् आमी तुमचे कांदे लावायचे, हे काय बरं दिसत न्हाई."

"नका टाकू मंग," मामा म्हणाले.

"रोप जून व्हईल."

"माझं व्हईल. तुमाला काय करायचंय?"

च्या न घेता बाया उठल्या. मी आतून कपाळावर हात मारून घेतला. त्या गेल्यावर मामांपुढं जाऊन उभी राहिले. "मामा, ह्या बाया आल्या न्हाईत तर एवढं रोप कोण लावणार?"

"लावू आपण. घरची तीन माणसं हायेत की."

तीन माणसं म्हणजे मी, गुडघे धरून चालणाऱ्या आत्या, आणि उभ्या जन्मात कांद्याच्या वाफ्यात न बसलेले मामा. त्यांच्या मते लागवड हे बायकांचं काम. मी रोप उपटून जुड्या बांधल्या, वाफ्यात पाणी सोडलं आणि एकटी उकिडवी बसले. डाव्या हातात जुडी, उजव्या अंगठ्यानं चिखलात एकेक काडी दाबायची, आणि बसल्याबसल्या मागं सरकायचं. सावडीत बारा हात चालतात, गाणी होतात, कुणाच्या तरी सासूची नक्कल होते, वाफा कधी संपला कळत नाही. एकटीला एक वाफा संपता संपेना. संध्याकाळी कंबर सरळ होईना, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. पलीकडच्या बांधावरून बाया दुसऱ्याच्या वावराकडं जाताना मला बघायच्या आणि मान खाली घालून निघून जायच्या. राग त्यांचाही येत होता आणि माझ्याच घराचा त्याहून जास्त.

तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाल्या, "मी येते. बसून बसून लावीन." मी नको म्हटलं तरी आल्या. अर्धी जुडी लावली असेल, तोच त्यांच्या हातातलं रोप थरथरायला लागलं. मला वाटलं वारं आहे. वर बघितलं तर ओठ निळे पडलेले.

त्यांना घरी कसं आणलं ते माझं मला माहीत. दोन गोधड्या टाकल्या, वर घोंगडी टाकली, तरी खाट खडखड वाजत होती. शेवटी मी गोधड्यांवर आडवी पडले आणि सगळ्या अंगानं त्यांना दाबून धरलं. खालून आत्यांचा आवाज आला, "सांग त्यांला, तुमच्या आबांचं पाणी माझ्या हाडात शिरलंय."

मामा दारातच उभे होते. ऐकलं त्यांनी. चुलीपाशी गेले आणि च्या करायला स्वतः बसले. लग्नाला चाळीसेक वर्षं झाली असतील, चूल फुंकायची ही पहिलीच वेळ. काळाभोर, बिनसाखरेचा च्या कपात घालून त्यांनी आत्यांच्या तोंडाला लावला. आत्यांनी दोन घोट घेतले आणि तशा थंडीतही तोंड वाकडं केलं.

मला भडभडून आलं आणि रागही आला. "मामा," मी म्हटलं, "उद्या आत्यांचं काय बरंवाईट झालं, तर भरल्या हाळाकडं बघून तुमी जेवणार हाये का?"

मामांनी कप खाली ठेवला. काठी उचलली, आणि चुलीमागं अडकवलेला माझा वरणाचा डाव घेऊन बाहेर पडले. मला वाटलं, चला, हाळाचं बूच काढायला निघाले. पण ते हाळाकडं गेलेच नाहीत. थेट धोंडाबाईच्या अंगणात शिरले आणि तिच्या रांजणात माझा डाव बुडवला.

"धोंडे, बाहेर ये," त्यांनी हाक मारली. "हे काय आडवं पडलंय तुझ्या पाण्यात?"

धोंडाबाई बाहेर आली. डावात तीनचार वळवळत होते. तिनं पदर तोंडाला लावला. मामा तिथनं निघाले ते आळीभर फिरले. कुणाची सिमेंटची टाकी, कुणाचं पत्र्यावर टाकलेलं टायर, कुणाचा परसातला फुटका माठ. जिथं पाणी दिसेल तिथं डाव बुडवायचा आणि मालकाच्या नाकापुढं धरायचा. न्हाणीचं पाणी रस्त्यावर सोडलेल्या घरापुढं तर काठीनं डबकं ढवळून म्हणाले, "ह्यात म्हस बसवा आता." केंगलेच्या गोड बोलण्यानं जे झालं नव्हतं ते मामांच्या आडमुठेपणानं एका दुपारी झालं. प्रत्येकाला आपल्याच दारातलं पाणी दिसलं. तो डाव मात्र मी पुन्हा वरणाला लावला नाही.

संध्याकाळी हाळाजवळ सगळे जमले. केंगलेला निरोप धाडला होता, तोही आला. मामा म्हणाले, "एकट्या आबांच्या हाळाला नावं ठेवू नका. बाजाराच्या वारी सगळ्यांनी आपापले रांजण, टाक्या, पिपं उपसा. न्हाणीच्या पाण्याला खड्डा खणून दगड भरा, न्हाईतर केळीला सोडा. समदे करणार असतील तर माझाबी हाळ रिकामा व्हईल."

"मंग झालं की," धोंडाबाई म्हणाली.

"थांब. रिकामा व्हईल, पर मी वतणार न्हाई. जनावरांसाठी भरलेलं पाणी जनावरंच पितील. बाजाराला जाणारी गुरं पिऊन हाळ मोकळा करतील, मंग घासू."

केंगले काहीतरी बोलणार होता. मी त्याला डोळ्यानं खुणावलं. म्हातारा एवढा वाकला होता, आणखी वाकवायला गेलं तर मोडला असता.

बाजाराचा दिवस उजाडला. आळीत सकाळपासून नुसती झुंबड. बाया रांजण कलंडत होत्या, राखेनं घासत होत्या, टायरं पत्र्यावरून खाली येत होती. मामा धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. टेम्पो आला की हात वर करायचे. टेम्पो बाजूनं निघून जायचा. एकानं वेग कमी करून काच खाली केली आणि म्हणाला, "बाबा, जत्रेची वर्गणी मागच्या गावात दिलीय."

"वर्गणी न्हाई, पाणी हाये. जनावराला पाजा."

"पाजून निघालोय," असं म्हणून तो गेला.

टेम्पो जात होते, मागं बैलांची तोंडं फळीवरून बाहेर डोकावत होती, आणि कुणी थांबत नव्हतं. मी वावरातून बघत होते. पायी एकही जनावर आलं नाही. ते कित्येक वर्षांत आलं नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मामांनाही असणार. पण रोज सकाळी हाळ काठापर्यंत भरताना माणूस काठच बघतो, पिणारं कुणी आहे का ते बघत नाही.

उन्हं वर आली तेव्हा चांगदेव नावाचा व्यापारी थांबला. मामांना ओळखणारा. त्याचा बाप आबांच्या वेळी ह्याच हाळावर बैल पाजायचा. मामांचा शब्द मोडायला नको म्हणून त्यानं फळी लावून एक खिल्लारी बैल खाली उतरवला. तांबूस शिंगांचा, देखणा गडी. मामांनी कासरा स्वतःच्या हातात घेतला आणि बैलाला हाळाशी नेलं. आळीतल्या बाया हातातली कामं सोडून बघायला लागल्या.

बैलानं मान खाली घातली. वास घेतला. नाकातून जोरानं फुस्कारा सोडला आणि तोंड फिरवलं.

मामांनी चुचकारलं. कासरा ओढला. बैलानं पुन्हा तोंड नेलं, पुन्हा फिरवलं.

"पाणी शिळं हाये, मामा," चांगदेव हळूच म्हणाला. "जनावराला कळतं." त्यानं टेम्पोतून प्लॅस्टिकचा कॅन काढला, घमेल्यात घरचं पाणी ओतलं आणि हाळाच्या काठावरच ते घमेलं ठेवलं. बैल एका दमात पिऊन गेला, घमेलं चाटूनसुद्धा काढलं.

टेम्पो निघून गेला. मामा तिथंच उभे. मी वावरातून वर आले. त्यांचे डोळे भरलेले होते आणि मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली की सगळा राग पळाला.

"आशा," ते म्हणाले, "जनावर तहानलेलं जाऊ नये म्हनून आबांनी शब्द घेतला गं. आन् आज भरल्या हाळावरनं बैल तहानलेला फिरला."

मी म्हटलं, "मामा, पहार आणू?"

"आण."

हाळाच्या तळाशी भोक होतं, लाकडी बूच ठोकून बंद केलेलं. इतक्या वर्षांत ते दगडाशी एकजीव झालेलं. मामांनी धोतर खोचलं, कोपरापर्यंत हात हिरव्या पाण्यात घातला आणि पहारीनं ठोकायला लागले. घाव बसेनात. मी पहार धरली, ते वरून दगडानं ठोकू लागले. बूच हललं, फिरलं, आणि एकदम सुटलं. पाणी आधी काळं आलं, मग हिरवं, मग भसाभसा दंडाच्या चरातून उतरून आमच्या वावरात शिरलं. हाळ वर, वावर खाली. जमिनीत मुरलं की किडे मरतात, असं केंगले म्हणालाच होता.

धोंडाबाई घासलेला रांजण पालथा घालून उभी होती. तिनं वाफ्यात जाणारं पाणी बघितलं, पदर खोचला आणि आळीकडं तोंड करून म्हणाली, "चला गं बायांनो. वाफं भिजत्यात, रोप घ्या."

गोळ्या पोटात गेल्यापासून बऱ्याच जणींची थंडी थांबली होती. आजच्या आणि उद्याच्या, दोन्ही बाया एकाच दिवशी वावरात अशा कित्येक दिवसांनी बसल्या. कोण पुढं, कोण मागं यावरून आधी भांडण झालं. मग धोंडाबाईनं मामांची नक्कल केली, काडी हातात धरून, डाव बुडवल्यासारखं करून: "धोंडे, हे काय आडवं पडलंय?" हसता हसता एक जण वाफ्यात बसकण मारून चिखलानं माखली. थोडं रोप जून झालं होतं, तेवढं मी बाजूला काढून टाकलं. बाकीचं सगळं दिवस मावळायच्या आत लागलं. शेवटची जुडी मी लावली आणि माझ्या कंबरेनं सुटकेचा श्वास घेतला.

बाया हातपाय धुवायला अंगणात आल्या. आत्या घोंगडी पांघरून ओट्यावर बसल्या होत्या, अजून अशक्त, पण डोळ्यांत हसू होतं. मामा हाळात उतरून नारळाची शेंडी आणि वाळूनं तळ घासत होते. दुपारपासून घासत होते. दमून शेवटी ते हाळातच आडवे झाले आणि बाहेरून दिसेनासे झाले.

तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली. शेजारच्या गावचे गेणभाऊ, मामांच्या तालमीतले जोडीदार, बाजार करून परतत होते. आमच्या बाजूला वापरातला हाळ कोरडा दिसला की माणूस एकच समजतो, घरात कुणी गेलंय, सुतकात पाणी भरायचं राहिलंय. गेणभाऊंनी कोरडा हाळ बघितला, ओट्यावर घोंगडीतल्या आत्या बघितल्या, अंगणात गप्प उभ्या असलेल्या बाया बघितल्या. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "वहिनी, कवा गेला आमचा सोमा?"

आत्यांना काही उमजायच्या आत हाळातून मामांचं डोकं वर आलं. शेवाळानं हिरवंगार.

"मी न्हाई गेलो. डासं गेली," मामा म्हणाले. "बस, च्या घे."

गेणभाऊ एक पाऊल मागं सरले. अंगणात बाया पोट धरून हसत होत्या, आत्यासुद्धा. गेणभाऊंना हसावं की चिडावं कळेना. काठाला हात टेकून त्यांनी स्वच्छ घासलेला दगड बघितला. "आरं पर सोमा, आबांचा शब्द? हाळ कोरडा ठेवलास?"

"आबांनी जनावरांसाठी बांधला होता," मामा म्हणाले. "मी इतकी वर्सं डासांना पाजत बसलो. आता दर बाजाराला घासून वाळवायचा आन् दुसऱ्या दिवशी ताजा भरायचा." त्यांनी काठाला धरून पाय बाहेर टाकला. गुडघे कुरकुरले, मी हात दिला. "उद्या सकाळी तुझी म्हस घेऊन ये, गेणू. टेम्पोत न्हाई. चालवत आण."

गेणभाऊंनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि म्हणाले, "आणतो."